सल्ला, मसलत आणि मसाला एकाच अरबी धातूचे कसे?

मोडीवाचक (प्रश्न)

नमस्कार. सध्या मी पेशवेकालीन पत्रे वाचण्याचा अभ्यास करीत आहे. त्या पत्रांत ‘मसलत’ हा शब्द पावलोपावली भेटतो आणि त्याचा अर्थ आजच्या ‘सल्लामसलती’पेक्षा बराच ऐसपैस दिसतो, कधी तो गुप्त विचारविनिमय असतो, कधी आखलेला बेत, तर कधी चक्क मोहीम. आमच्या अभ्यासवर्गातील एका जाणकारांनी सांगितले की ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत, म्हणजे ‘सल्लामसलत’ या जोडशब्दाचे दोन्ही भाग एकाच कुळातले आहेत. पुढे ते असेही म्हणाले की स्वयंपाकघरातला ‘मसाला’ही त्याच कुळातला आहे. पहिले विधान पटले, दुसऱ्यापाशी मात्र अडलो.

संस्कृतात ‘कृ’पासून कर्ता, कार्य, कृती, संस्कार असे शब्द निघतात हे आपण शाळेपासून जाणतो, परंतु तेथे उपसर्ग आणि प्रत्यय डोळ्यांना दिसतात. ‘सल्ला’ आणि ‘मसाला’ यांच्यात नाते ओळखावे असे काय आहे? आणि नाते खरे असेल, तर सल्ल्याचा हळद-धण्यांशी अर्थाने संबंध कसा लावायचा? शिवाय, स-ल-ह ही व्यंजने ज्यात आढळतील असा प्रत्येक शब्द या कुळात धरावा काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तरी

आपल्या वर्गातील गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे, आणि मसाल्याची गोष्ट तर अधिकच मजेदार आहे, कारण व्याकरणाच्या हिशेबाने ‘मसाला’ हे ‘मसलत’चे अनेकवचन आहे. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी अरबी शब्द कसा घडतो ते पाहिले पाहिजे.

अरबी धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा नुसता सांगाडा असतो. ‘कृ’ किंवा ‘गम्’ जसे उच्चारता येतात तसा तो उच्चारता येत नाही, कारण त्यात स्वरच नसतात. या सांगाड्यावर ठरावीक स्वरांचा, आणि क्वचित ‘म’, ‘त’, ‘न’ अशा जादा व्यंजनांचा, साचा बसवला की शब्द तयार होतो. या साच्याला अरबी व्याकरणकार ‘वजन’ म्हणतात. हे आपलेच तागडीतले वजन. साचे दाखवण्यासाठी ते नमुन्याचा धातू म्हणून ‘फ-अ-ल’ म्हणजे ‘करणे’ हा धातू वापरतात. ‘फाइल’ या वजनाचा शब्द कर्ता दाखवतो आणि ‘मफऊल’ या वजनाचा शब्द ज्यावर क्रिया झाली ते दाखवतो. मराठीत ‘हाकिम’ आणि ‘कातिब’ हे पहिल्या वजनाचे आहेत. ‘महसूल’, ‘मजकूर’, ‘मशहूर’ आणि ‘मंजूर’ हे दुसऱ्या वजनाचे. महसूल म्हणजे जे हाती आले ते, मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते, आणि मंजूर म्हणजे मूळ अर्थाने ‘नजरेखालून गेलेले’. अर्ज साहेबांच्या नजरेखालून गेला की तो मंजूर झाला, अशी ही वाटचाल आहे. (साहेबांनी पाहिलेला प्रत्येक अर्ज मंजूर होतो असा अनुभव कोणाला असल्यास कळवावे.)

आता आपला धातू घेऊ: साद (एक प्रकारचा ‘स’), लाम (‘ल’) आणि घशातून येणारा ‘हा’ या तीन अरबी अक्षरांचा. याचा गाभ्याचा अर्थ ‘नीट असणे, बिघडलेले नसणे, योग्य असणे’ असा आहे. जुने अरबी कोशकार ‘सलाह’चा अर्थ सरळ ‘फसादच्या उलट’ एवढाच देतात. दंगाफसादातला ‘फसाद’ मुळात सडणे, नासणे, बिघडणे याचा वाचक आहे. त्याच्या उलट ते सलाह.

‘सलाह’ फारसीत गेला तेव्हा ‘सुस्थिती’कडून ‘जे करणे योग्य ठरेल ते’ या अर्थाकडे सरकला, आणि हिंदुस्थानात येता येता योग्य काय ते सांगण्यालाच सलाह म्हणू लागले. मराठीने शेवटचा ‘ह’ टाकून ‘ल’ दुप्पट केला आणि ‘सल्ला’ घडवला. अरबीत उपदेशासाठी हा शब्द नाही. तेथे ‘नसीहा’ किंवा ‘मश्वरा’ म्हणतात, आणि त्यांचे धातू वेगळे आहेत. म्हणजे सल्ल्याचा आजचा अर्थ अरबस्तानातून आलेला नसून वाटेत कमावलेला आहे.

‘मसलत’ची घडण ‘मफअला’ या वजनाची आहे. हे वजन बहुधा स्थळ किंवा प्रसंग दाखवते: जेथे धडा दिला जातो तो ‘मदरसा’, जेथे निवाडा होतो ते ‘महकमा’. त्या न्यायाने ज्यात भले साठलेले आहे ते ‘मसलहा’, म्हणजे हित. अशा शब्दांच्या शेवटी अरबी बोलण्यात ‘आ’ ऐकू येतो, पण फारसीने अनेक ठिकाणी तेथला ‘त’ टिकवला आणि आपण शब्द फारसीच्या हातून घेतले; म्हणून आपल्याकडे हिकमत, अदालत, दौलत असे ‘त’कारान्त शब्द आहेत. मसलहतीतला घशातला ‘ह’ मराठीत गळाला आणि ‘मसलत’ उरली. राज्याचे हित कशात आहे याचा विचार ती मसलत, त्या विचारातून ठरलेला बेत तीही मसलत, आणि बेत तडीस नेण्यासाठी निघालेली स्वारी तीही मसलतच. आपल्याला पत्रांत जे तीन अर्थ दिसले ते एकाच ओळीत उभे आहेत, आणि कोणत्या पत्रात कोणता घ्यायचा हे पुढचे-मागचे वाक्य पाहूनच ठरते.

आता मसाला. अरबीत ‘मस्जिद’चे अनेकवचन ‘मसाजिद’, ‘मदरसा’चे ‘मदारिस’, तसे ‘मसलहा’चे अनेकवचन ‘मसालिह’. हिताच्या, उपयोगाच्या, गरजेच्या गोष्टी असा त्याचा अर्थ. फारसीत त्याला ‘एखादे काम सिद्धीस नेण्यासाठी लागणारी सामग्री’ असा रोख आला. इराणात आजही विटा, चुना, सिमेंट अशा बांधकामाच्या सामानाला ‘मसालेह’ म्हणतात, आणि उत्तर हिंदुस्थानातले गवंडी कालवलेल्या चुन्याला किंवा सिमेंटला ‘मसाला’ म्हणतात. पदार्थ सिद्धीस नेण्यासाठी लागणारी सामग्री म्हणून धणे, लवंग, मिरे हेही मसालेच झाले. हळदीचा सल्ल्याशी थेट संबंध नाही. दोघांचा संबंध ‘योग्य, हवे ते’ या मधल्या अर्थाशी आहे.

या धातूच्या आणखी फांद्या आहेत. ‘सुल्ह’ म्हणजे तह. इसवी सन ६२८ मध्ये मुहंमद पैगंबरांचा मक्केच्या कुरैश टोळीबरोबर झालेला हुदैबियाचा तह अरबीत ‘सुल्ह’ म्हणूनच ओळखला जातो, आणि अकबराच्या दरबारातील ‘सुल्ह-इ-कुल’, म्हणजे सर्वांशी सलोखा, या धोरणातला शब्दही तोच. ‘इस्लाह’ म्हणजे बिघडलेले नीट करणे, सुधारणा. ‘इनाम’ आणि ‘इकरार’ हे आपले शब्द याच वजनाचे आहेत. ‘मुसालहा’ म्हणजे दोन पक्षांनी आपसात मिटवणे, ‘मुकाबला’च्या वजनाचा, या वजनात क्रिया दोघांमध्ये घडते. सर्वांत देखणा मला ‘इस्तिलाह’ वाटतो. यात धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘त’ शिरतो, जसा ‘नजर’च्या धातूत शिरून ‘इंतजार’ होतो, म्हणजे नजर लावून बसणे. ‘इस्तिलाह’ म्हणजे लोकांनी आपसात जमवून घेतलेला शब्द, अर्थात पारिभाषिक संज्ञा. परिभाषा हा भाषिकांमधला एक प्रकारचा तह असतो हे त्या वजनातच सांगून झाले आहे.

मस्कतकर

दप्तरी यांनी इतिहास मांडला. मी नोकरीनिमित्त ओमानमध्ये राहतो, तेव्हा आजच्या वापराविषयी थोडे लिहितो. येथे मोटारी, मोबाइल आणि शीतकपाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर ‘तस्लीह’ हा शब्द सर्रास असतो. तो आपल्या ‘तपशील’, ‘तहसील’, ‘तारीख’ यांच्याच वजनाचा आहे आणि त्याचा अर्थ नीट करणे, म्हणजे दुरुस्ती. दुधाच्या डब्यावर ‘सलाहिया’ संपण्याची तारीख छापलेली असते. सलाहिया म्हणजे वापरण्यास योग्य असण्याची मुदत. दूध नासले की ते ‘फासिद’. धातूच्या दोन टोकांचे अर्थ मला कोशात कळण्याआधी वाणसामानाच्या दुकानात कळले.

‘मसलहा’ येथे वर्तमानपत्रांत रोज दिसतो, पण ‘हितसंबंध’ या अर्थाने. देशाचे मसालिह म्हणजे देशाचे हितसंबंध, आणि त्यात जिऱ्या-मिऱ्यांचा वास नसतो. इजिप्तमध्ये काही सरकारी खात्यांनाही ‘मसलहा’ म्हणतात, उदाहरणार्थ करखाते. खाण्याच्या मसाल्याला प्रमाण अरबीत ‘बहारात’ म्हणतात. येथील दुकानदाराला ‘मसाला’ कळतो, पण तो हिंदुस्थानी गिऱ्हाइकांच्या तोंडचा शब्द म्हणून.

फारसीकडे मात्र जुना राजकीय अर्थ जिवंत आहे. इराणमध्ये १९८८ साली जे वरिष्ठ मंडळ स्थापन झाले त्याच्या नावातच ‘मसलहत-ए-निझाम’, म्हणजे राज्यव्यवस्थेचे हित, हे शब्द आहेत. पेशव्यांच्या कारकुनाला ते नाव वाचून फारसे अडले नसते.

शंकासूर

मूळ प्रश्नातील शेवटचा भाग अनुत्तरित राहिला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स-ल-ह असलेला प्रत्येक शब्द या कुळात धरावा काय? मुळीच नाही.

देवनागरीत आपण एकच ‘स’ लिहितो, पण अरबीत ‘सीन’, ‘साद’ आणि ‘से’ ही तीन वेगळी अक्षरे आहेत आणि प्रत्येकाचा धातू वेगळा. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, हा शब्द सीनचा आहे. त्याला फारसी ‘दार’ लागून ‘सिलाहदार’ झाला आणि मराठीत ‘शिलेदार’. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, हे मोडी वाचणाऱ्यांना सांगायला नको. म्हणजे ‘सुल्ह’ तह आणि ‘सिलाह’ हत्यार हे आपल्या कानांना जवळचे वाटले तरी त्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. नमाजाचा ‘सलात’ हा सादने सुरू होतो हे खरे, पण त्याचा धातू स-ल-व असा आहे, तोही परका.

‘ज’ची अवस्था तर याहून बिकट आहे. अरबीतली चार निरनिराळी अक्षरे फारसीत एकाच ‘झ’ उच्चारात मिसळली आणि आपल्याकडे तीच ‘ज’ किंवा ‘झ’ म्हणून आली. ‘नजर’ आणि ‘नजराणा’ यांना आपण खुशाल एका कुळातले मानतो आणि ‘नजर करणे’ असा प्रयोगही करतो. पण पाहण्याची ‘नजर’ एका अक्षराची आणि भेटीची ‘नजर’, जी मुळात नवस या अर्थाची आहे, ती दुसऱ्या अक्षराची. ‘नजराणा’ या दुसऱ्या शब्दापासून झाला. पदवी या अर्थाचा ‘किताब’ही असाच, तो मुळात ‘खिताब’, संबोधनाच्या धातूचा, आणि ग्रंथ या अर्थाचा ‘किताब’ लिहिण्याच्या धातूचा. मराठीत दोघेही एकाच रूपात वावरू लागले.

आणि समजा तीनही अक्षरे तंतोतंत जुळली, तरी अर्थाचे नाते ओढूनताणून लावू नये. जीम-मीम-लाम या अक्षरांत ‘जमल’ म्हणजे उंट, ‘जमाल’ म्हणजे सौंदर्य आणि ‘जुमला’ म्हणजे एकूण बेरीज किंवा वाक्य, असे तीन शब्द आहेत. हे तीन अर्थ एका सूत्रात ओवण्याचे प्रयत्न झाले आहेत. मला त्यांतला एकही पटलेला नाही. स-ल-ह हा धातू फार शिस्तीचा निघाला, सगळेच तसे निघत नाहीत.

मोडीवाचक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिलेदाराविषयी मी पुढे विचारणारच होतो, ते आधीच सांगून झाले. आता एक व्यावहारिक शंका उरते. एखाद्या मराठी शब्दाचा अरबी धातू स्वतः शोधायचा झाल्यास कोशात कोठे पाहावे? ‘मसलत’ म मध्ये सापडेल काय?

दप्तरी

फारसी कोशात सापडेल, कारण ते वर्णानुक्रमाचे असतात, आणि मराठी अभ्यासकाने सुरुवात तेथूनच करावी. आपले बहुतेक शब्द त्या वाटेने आले आहेत आणि मूळ अक्षर साद की सीन हे फारसी लिपीतील रूपावरून लगेच कळते. अरबी कोशात मात्र आधी सांगाडा ओळखावा लागतो: ‘मसलहत’मधला आरंभीचा ‘म’ आणि अखेरचा ‘त’ साच्याचे म्हणून वगळायचे, म्हणजे साद-लाम-हा उरतात, आणि शब्द सादखाली मिळतो. आजचे अरबी कोश धातूच्या पहिल्या अक्षरावर लावलेले असतात.

जुन्या कोशांची रचना अनेकदा निराळी असते. इब्न मंजूर याने १२९० मध्ये पूर्ण केलेला ‘लिसान अल्-अरब’ हा प्रचंड कोश धातूच्या शेवटच्या अक्षरावर रचलेला आहे. (कोशकाराच्या नावातला ‘मंजूर’ आणि अर्जावरचा ‘मंजूर’ एकच.) त्यात ‘हा’च्या प्रकरणात जाऊन मग पहिले अक्षर पाहावे. त्या प्रकरणात सीनचा विभाग आधी येतो आणि सादचा नंतर, तेव्हा शिलेदाराचे ‘सिलाह’ काही पाने अलीकडे आणि मसलतीचे ‘सलाह’ काही पाने पलीकडे मिळेल. ‘नजर’ आणि ‘नजराणा’ हे दोन्ही ‘रा’च्या प्रकरणात नूनखाली आहेत, तेथे मधल्या अक्षराकडे नीट लक्ष द्यावे.