नाशकात आजी-आजोबा आणि पोरं, दोघांनाही घेऊन कुठे जाता? अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं येतायत, एक सात वर्षांचा आणि एक चार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरी राहायला त्या तयार नसतात. मॉलमध्ये नेलं की पोरं गेम झोनला चिकटतात आणि सासूबाई बाकावर बसून एसीच्या नावाने बोटं मोडतात. म्हणून मोकळ्या हवेतली जागा हवी आहे. नुसतं ‘अमुक ठिकाण मस्त’ नको, तेवढं गूगलही सांगतं. चढ किती, सावली कुठे, पोरं कशात रमली, ते सांगा.

पंचवटीहून
आम्ही घाटावरचेच, त्यामुळे पाहुणा आला की पहिलं दर्शन दुतोंड्या मारुतीचं. पावसाळ्यात सगळं गाव पूर याच्यावरूनच मोजतं: पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. 2019च्या ऑगस्टमध्ये तर मारुती डोक्यासकट बुडाला होता. आत्ता कोरड्यात पोरांना त्याच्या पायाशी उभं करा आणि वर बघायला सांगा. आमचा धाकटा ‘एवढं पाणी?’ म्हणून गप्पच झाला. आजींना रामकुंडाजवळ पायरीवर बसवलं की त्यांचा वेळ छान जातो, कुणी ना कुणी गाववाली भेटतेच. मात्र सकाळी लवकर या. उन्हं वर आली की गर्दी, आणि आता 2027च्या सिंहस्थाची कामं.

सिडकोहून
पांडवलेणी. पायऱ्यांचं आधी बोलून टाकते: चढ दमवतो, गुडघेवाल्यांनी हट्ट करू नये. आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. आई-बाबा खाली, फाळके स्मारकाच्या नाहीतर नेहरू वनोद्यानाच्या झाडांत. आम्ही पोरं घेऊन वर.

वर 24 लेणी आहेत. सगळी दाखवत बसलात तर मुलं चौथ्या-पाचव्यालाच ‘घरी कधी?’ सुरू करतात. थेट तीन नंबर गाठा. व्हरांड्याच्या खाली सहा यक्ष कोरलेत. जमिनीतून छातीपर्यंतच वर आलेले, आणि अख्खं लेणं खांद्यावर घेतलेलं. माझ्या लेकाचा प्रश्न: ‘आई, यांना नाक खाजलं तर?’ पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर याचं उत्तर नाही. त्याच लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने कोरून घेतलेला लेख आहे, लेकाच्या पराक्रमाचं भरभरून वर्णन. खाली आल्यावर हे माझ्या आईला सांगितलं, तर म्हणाली, ‘मग, आयांनी नाही करायचं तर कुणी करायचं?’ ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही, पण पोरं अक्षरांच्या आकारांवर बोटांनी हवेत गिरवत बसतात. भिंतीला हात लावू देऊ नका, एवढंच. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पाणी खालूनच घ्या.

नाशिकरोडहून
थंडीत येणार असाल तर नांदूरमध्यमेश्वरशिवाय दुसरं नाव घेऊ नका. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे. वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली.

पोरांना रोहितचं (फ्लेमिंगोचं) आमिष दाखवू नका, दिसला तर दिसला. वारकरी पक्षी मात्र ढिगाने असतात: अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावरून दिंडीसारखे सरकतात. लांब लाल पायांचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक. स्थानिक गाईड जरूर घ्या. त्याच्याकडे मोठी दुर्बीण असते आणि ‘त्या झुडपाच्या डावीकडे’ हे त्याला नेमकं सांगता येतं. आमच्याकडे झालं असं की दुर्बिणीला आजोबांनी डोळा लावला तो काढेचनात, नातवंडं मागे रांगेत. वाट सपाट आहे, गुडघ्यांची काळजी नाही. उजाडता पोहोचा, आणि लाल-पिवळे भडक कपडे नकोत.

कॉलेज रोडहून
बागबिग सोडा. रविवारी शहराबाहेर मिसळीचं एखादं मोठं अंगण गाठा. झाडं, झोपाळे, पोरांना धावायला जागा, मोठ्यांना काळ्या रश्शाची मिसळ, वर जिलेबी. आजींना तिखट सोसत नसेल तर दही मागा. याहून जास्त आउटडोअर आमच्याच्याने होत नाही.

गंगापूर रोडहून
सोमेश्वर. देऊळ, कणीस, सावली, सगळं उत्तम. धबधबा मात्र लांबूनच बघा. वर गंगापूर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते आणि खडक शेवाळलेले असतात. सेल्फीवाल्या मामांना पोरांपेक्षा जास्त धरून ठेवावं लागतं.

सातपूरहून
माझं मत जरा वेगळं. एक अख्खा दिवस हातात असेल तर मुंबई गाठा. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून धीमी लोकल, भायखळा, राणीबाग. मुलं पेंग्विनसाठी जातात, जाऊ द्या. मला तिथली जुनी झाडं आवडतात. गोरखचिंचेचं खोड चार पोरांच्या कवेत मावत नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. जिवंत प्राण्यांपुढे गर्दी, याच्यापुढे कुणी नसतं. बुधवारी बाग बंद असते, तिकिटं काढण्याआधी वार बघा. संध्याकाळच्या पंचवटीने परत, पोरं कल्याणच्या आत झोपतात.

देवळाली कॅम्पहून
व्हीलचेअर घेऊन यातलं कुठे जमेल? वडिलांना न्यायचं आहे.

सातपूरहून
राणीबागेत सहज, आतले मुख्य रस्ते रुंद आणि सपाट आहेत. त्रास दादरच्या पुलावर होतो. तेवढ्यापुरती टॅक्सी करा, दादरहून थेट भायखळा.