मदत हवी आहे: मूळ अवयव पाडता येतात, पुढे अडतं

कळव्यात राहते, नोकरी महापेला. जीमॅट (एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा) दोन महिन्यांवर आली आहे. शाळा मराठी माध्यमाची, मसावि-लसावि भरपूर घोटलेत, त्यामुळे मूळ अवयव पाडायला अडत नाही. पाडून झाल्यावर त्यांचं करायचं काय, ते सुचत नाही. गणिताच्या विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न आणि कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे आकडे घालून बघत बसायला वेळ नसतो.

काल ठाणे लोकलमध्ये हे गणित घेतलं होतं: क्ष ही धन पूर्णांक संख्या. क्षच्या वर्गाला ५४० ने निःशेष भाग जातो. तर क्षला नक्की भाग जाईल अशी सर्वांत मोठी संख्या कोणती?

५४० = २ × २ × ३ × ३ × ३ × ५. वर्ग आहे म्हणून मी सगळ्यांचे निम्मे घेतले. दोनाचा एक. तीनाचे तीन, निम्मे दीड, म्हणून एकच धरला. पाच एकटा, तो सोडला. उत्तर ६. पुस्तकात ९०! घणसोलीपासून ठाण्यापर्यंत तेच डोक्यात. सूत्र नको, असं का होतं ते कुणी समजावेल का?

तसंच, ४ ने आणि ६ ने भाग जातो म्हटलं की मी २४ लिहिते. तेही चुकतं.

प्रतिसाद

ताई, वर्ग म्हणजे क्ष × क्ष. एका क्षमध्ये जे अवयव, तेच दुसऱ्यात. म्हणून वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळाच येतो. ५४० ला तीन वेळा ३ हवा, पण वर्गात तीन वेळा येऊच शकत नाही, निदान चार वेळा येणार. म्हणजे एका क्षमध्ये दोन. ५ चंही तसंच: एकदा हवा, तर दोनदा येणार, क्षमध्ये एक. २ × ३ × ३ × ५ = ९०. तुम्ही अर्धा सोडलात, तो वर न्यायचा होता.

४ आणि ६ मध्ये एक २ सामाईक आहे. गुणाकारात तुम्ही तो दोनदा मोजता. इथे लसावि, १२. खुद्द १२ ला कुठे २४ ने भाग जातो?

धागाकर्ती

मनापासून आभार! ताळा केला: ९० चा वर्ग ८१००, भागिले ५४०, बरोबर १५. माझ्या ६ चा वर्ग तर ३६ च.

आता घनाला ७२ ने भाग जात असेल तर? दोन तीनदा, म्हणजे क्षमध्ये एक. तीन दोनदा हवा, पण घनात तीनदा येणार, म्हणून तोही एक. उत्तर ६, कारण २१६ म्हणजे ७२ ची तिप्पट. बरोबर ना?