व्यंकटेश माडगूळकर : पटकथेचा कादंबरीवर परिणाम झाला का?

रावेरकर : आमच्या वाचनालयात माडगूळकरांवर मला बोलायचंय. ‘सांगत्ये ऐका’ची (1959) पटकथा त्यांचीच. सिनेमासाठी लिहिल्यामुळे त्यांची कादंबरी बदलली का? जाणकारांनी सांगावं.

अमळनेरची ताई : दादा, क्रम बघा. ‘बनगरवाडी’ 1955ची, म्हणजे त्या सिनेमाच्या आधीची. तरी तिच्यात सगळं डोळ्यांपुढे घडतं. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेला पोरंच नाहीत, ती मेंढरांमागे गेलेली. लेखक ‘दारिद्र्य होतं’ असं म्हणत बसत नाही. ते उत्तम रेखाटनंही करायचे, नजर तिथून आलेली. माझ्या मते सिनेमाला त्यांनी दिलं जास्त, घेतलं कमी.

रावेरकर : ताई, हे पटलं. मग सिनेमातच का नाही राहिले?

अमळनेरची ताई : पुण्यात आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी होती, वर्षानुवर्षं. शिवाय रानात भटकायची ओढ. त्यातूनच वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ आली, तिला 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार. भाषणात हिला जास्त वेळ द्या, लोक ‘बनगरवाडी’पाशीच थांबतात.

तापीकाठ : भाऊ, एक करा. ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळात वाडी उठते, ती पानं मोठ्यानं वाचा. आपल्याकडे पारोळ्याच्या बाजूला पाण्यावाचून गुरं विकलेली माणसं समोर बसलेली असतील, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. याच कादंबरीवरचा अमोल पालेकरांचा 1995चा सिनेमा नंतर दाखवा.