मदत हवी आहे: आउटलुक २००७ मधले जुने मेल नव्या कॉम्प्युटरवर कसे न्यायचे?

हिशेबनीस_जळगाव:
नमस्कार मंडळी. डाळमिलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बदलतोय. जुन्यावर विंडोज ७ आणि आउटलुक २००७, नव्यावर विंडोज ११ आणि ऑफिस २०२१. मेलचा पत्ता आमच्याच डोमेनचा, खातं पॉप पद्धतीचं (सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं). २०११ पासूनची भावपत्रकं, बिलं, ट्रकच्या बिल्ट्या, दलालांचा पत्रव्यवहार सगळं त्यात आहे. आउटलुक सगळे मेल ज्यात साठवतं ती पीएसटी (.pst) फाइल ६.८ जीबीची आहे.

अडचणी अशा: १६ जीबीचा पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा असूनही फाइल घेत नाही, "खूप मोठी आहे" म्हणतो. नव्या कॉम्प्युटरवर खातं जोडलं तर फक्त दोन-तीन दिवसांचे मेल आले. आणि आजचे काही मेल जुन्यावर दिसतात, नव्यावर येतच नाहीत. हे का होतंय आणि आता कोणत्या क्रमाने करू?

पांझराकाठ:
ताई, तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करा, कारण ती रोज वाढत जाणार. आउटलुक २००७ पॉपवर मेल उतरवून घेतं आणि सर्व्हरवरून पुसून टाकतं. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण मुळात लावलेली नसते. तुमच्या ऑफिस २०२१ च्या आउटलुकमध्ये ती लावलेली असते, १४ दिवसांसाठी. म्हणून नव्याने आधी उचललेला मेल दोन्हीकडे दिसतो, जुन्याने आधी उचललेला नव्याला कधीच मिळत नाही. जुने मेल न येण्याचं कारणही तेच. ते सर्व्हरवर नाहीतच, फक्त त्या पीएसटीत आहेत. त्या फाइलची दुसरी प्रत होईपर्यंत जुन्या मशीनवर साफसफाई, फॉरमॅट, काहीही करू देऊ नका.

जुन्यावर एकदा शेवटचं सेंड-रिसीव्ह करा, आउटबॉक्स रिकामा आहे ना ते बघा आणि नेटची वायर काढा. ती पुन्हा लावायची नाही. आता "फाइल – डेटा फाइल मॅनेजमेंट" उघडा. तिथे जोडलेल्या सगळ्या पीएसटी दिसतील, "ओपन फोल्डर" दाबलं की जागा कळेल. पण कधीकाळी बंद केलेली अर्काइव्ह (जुने मेल वेगळे काढून ठेवलेली पीएसटी) या यादीत येत नाही. त्यासाठी सी आणि डी दोन्ही ड्राइव्हवर पीएसटी नावाने शोध घ्या. डी ड्राइव्हवर विसरलेली अर्काइव्ह फार ठिकाणी निघते.

कॉपी करण्याआधी आउटलुक बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्येही ते संपलंय याची खात्री करा. कधी कधी खिडकी बंद होते पण प्रोग्राम मागे चालू राहतो, मग "फाइल वापरात आहे" असं येतं.

नव्या मशीनवर फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. विंडोज ११ मध्ये तो फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेला असतो. आउटलुक चालू असताना वनड्राइव्ह एवढी मोठी फाइल वर चढवायला बघतं आणि दोघांची ओढाताण होते. डी ड्राइव्हवर "मेल" नावाचा साधा फोल्डर करा. मग "फाइल – ओपन अँड एक्स्पोर्ट – ओपन आउटलुक डेटा फाइल". "इम्पोर्ट" वापरू नका. त्यात सगळे मेल दुसऱ्या फाइलमध्ये ओतले जातात, वेळ जातो, दुबार नोंदी होतात आणि मध्येच अडलं तर किती आले ते कळत नाही.

फाइल उघडल्यावर इनबॉक्स आणि सेंट आयटम्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये एकूण संख्या दाखवायला सांगा, जुन्या मशीनवरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळली की "अकाउंट सेटिंग्ज – डेटा फाइल्स"मध्ये ती डिफॉल्ट करा आणि ईमेल टॅबवर "चेंज फोल्डर"मधून तिचाच इनबॉक्स निवडा. दरम्यान आलेले मेल, खातं जोडताना नव्या मशीनवर तयार झालेल्या फाइलमधून ओढून आणा. सर्व्हरवर उरलेले थोडे दुबार येतील, ते काढून टाका.

सातपुडा_पायथा:
पेनड्राइव्हचं कारण जागा नाही, फॉरमॅट आहे. तो फॅट३२ असणार. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. त्यातला माल दुसरीकडे काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज ७ आणि ११ दोघांनाही तो चालतो. स्वस्त पेनड्राइव्हवर ६.८ जीबी लिहायला १५-२० मिनिटं लागू शकतात. कॉपीची पट्टी मध्येच अडकल्यासारखी वाटली तरी ओढून काढू नका, "इजेक्ट" करूनच काढा. मग दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये बाइट्सचा आकडा बघा. जीबीचा नाही, बाइट्सचा. शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे.

कोणी डीव्हीडीवर घेऊन ठेवलेली पीएसटी दिली तर परत कॉपी केल्यावर "रीड ओन्ली"ची खूण काढा, नाहीतर आउटलुक ती उघडणार नाही.

आणि मराठी मेल असतील तर फॉन्ट विसरू नका. २०११-१२ च्या सुमारास अनेक ऑफिसं श्रीलिपी फॉन्टमध्येच लिहायची. तो मजकूर युनिकोड (आजची सगळीकडे वाचता येणारी मराठी) नसतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नुसतीच अगम्य चिन्हं दिसतात. मेल बिघडलेला नसतो, मूळ फॉन्ट नव्या मशीनवर बसवला की वाचता येतो.

हिशेबनीस_जळगाव:
दोघांचे आभार. वायर काढली, फाइल आणली, बाइट्स जुळले. पण उघडताना "फाइलमध्ये चुका आढळल्या" असं येतंय. शिवाय मेल लिहिताना पत्ते आपोआप सुचत नाहीत, ॲड्रेस बुकही रिकामं.

पांझराकाठ:
बाइट्स जुळले म्हणजे कॉपी नीट झाली, दोष जुन्या फाइलमध्येच होता. आउटलुक उघडं असताना लाइट गेली की पीएसटीत अशा चुका राहतात, आणि आपल्याकडे लाइट जाण्याला तोटा नाही. ऑफिससोबत येणारा "स्कॅनपीएसटी" प्रोग्राम चालवा, पण नव्या मशीनवरच्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. बॅकअप करण्याची खूण राहू द्या, म्हणजे डिस्कवर किमान आणखी ७ जीबी मोकळी हवी. एकदा चालवून भागत नाही. चुका नाहीत असं येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. निसटलेले मेल "लॉस्ट अँड फाउंड"मध्ये मिळतील. हे काम यूपीएसवरच करा.

ॲड्रेस बुक रिकामं नाही, दाखवलं जात नाहीये. कॉन्टॅक्ट्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, "आउटलुक ॲड्रेस बुक" टॅब आणि तिथली खूण लावा. आपोआप सुचणारे पत्ते मात्र २००७ मध्ये पीएसटीत नसतातच, वेगळ्या एनके२ फाइलमध्ये असतात. मेल आपोआप फोल्डरमध्ये लावणारे नियमही (रूल्स) सोबत हवे असतील तर जुन्यावर "रूल्स अँड अलर्ट्स – ऑप्शन्स"मधून एक्स्पोर्ट करून घ्या.

पहिले काही तास शोधल्यावर निम्मेच मेल सापडतील. शोधासाठीची यादी (इंडेक्स) तयार होत असते, मशीन चालू ठेवा.

तापीपार:
ज्यांच्या नव्या मशीनवर ऑफिसचं लायसन्स नाही त्यांच्यासाठी: थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम मोफत आहे, पण त्याला आउटलुकमधले मेल घ्यायचे तर आउटलुक त्याच मशीनवर लागतं. म्हणून जुन्यावरच ३२ बिटचं थंडरबर्ड टाका (विंडोज ७ साठी ११५ ही शेवटची आवृत्ती), तिथे इम्पोर्ट करा आणि मग थंडरबर्डचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर (त्यातच मेल असतात) नव्यावर न्या. विंडोज ११ सोबत येणारं "न्यू" आउटलुक या कामाला धरू नका. पीएसटीसाठी ऑफिससोबतचं "क्लासिक" आउटलुकच भरवशाचं.

ताई, सगळं जुळलं तरी जुनी हार्डडिस्क भंगारात देऊ नका. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि तुमची बिलं मेलच्या अटॅचमेंटमध्येच आहेत. डिस्क काढून नाव-तारीख लिहा, कपाटात ठेवा. पीएसटीची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दर महिन्याला, आउटलुक बंद करून.