शब्दचर्चा: सोल, फंक, डिस्को आणि ‘अल्बम’

प्रश्न

सोल, फंक आणि डिस्को या अमेरिकन संगीतप्रकारांतील उत्तमोत्तम अल्बमांची एकत्र क्रमवारी लावायला बसले की आमच्या मंडळींत दरवेळी तेच वाद होतात. मार्व्हिन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) आणि स्टीव्ही वंडर यांचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) यांच्या वरच्या स्थानाबद्दल फारशी तक्रार नसते. ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ यांचा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ (१९७१) सोलमध्ये धरावा की फंकमध्ये, यावर मात्र एकमत होत नाही, आणि डिस्कोचे अल्बम नेहमी यादीच्या तळाशी जातात. या विषयावर मराठीत लिहायचे आहे. हे तीन शब्द नेमके कशाचे वाचक आहेत, त्यांना मराठी प्रतिशब्द घडवावेत का, आणि ‘क्लासिक अल्बम’साठी काय लिहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या वादाचे मूळ मला या तीन शब्दांतच दिसते. आपण त्यांना एकाच जातीची नावे समजून एका ओळीत बसवतो, परंतु ती तशी नाहीत. ‘सोल’ हे मुळात गाण्याच्या पद्धतीचे नाव आहे, ‘फंक’ हे ठेक्याच्या रचनेचे नाव आहे आणि ‘डिस्को’ हे जागेचे नाव आहे. एकाच अल्बममध्ये गायन सोलचे, ठेका फंकचा आणि ठिकाण डिस्कोचे असू शकते, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तसे वारंवार झालेही.

प्रथम ‘सोल’. कृष्णवर्णीय चर्चमधील गॉस्पेल गायनाची सारी सामग्री, म्हणजे आर्त हाक, तिला समूहाने दिलेला प्रतिसाद, एका अक्षरावर स्वर वळवत राहणे, शब्द संपल्यावर उरलेले हुंकार, लौकिक प्रेमाच्या गीतांत आणली गेली आणि त्यातून हा प्रकार उभा राहिला. रे चार्ल्स यांचे १९५४ मधील ‘आय गॉट अ वुमन’ एका गॉस्पेल गीतावरच बेतलेले होते, आणि पुढे सॅम कुक यांच्यासारखा गॉस्पेलमध्ये नावाजलेला गायक लौकिक संगीताकडे वळला तेव्हा चर्चमधील अनेक श्रोते दुखावले. म्हणजे ‘सोल’ या शब्दात जो ‘आत्मा’ आहे तो तत्त्वज्ञानातला नसून गळ्यातला आहे. ‘आत्मसंगीत’ असा प्रतिशब्द मी कुठे तरी योजलेला वाचला आहे, पण तो वाचकाला ध्यानधारणेच्या दिशेने घेऊन जातो आणि ओटिस रेडिंग किंवा अरीथा फ्रँकलिन यांच्या गाण्यातील देहाची धग त्यात उरतच नाही. त्याऐवजी आपल्याकडे ‘जीव ओतून गाणे’ हा जो प्रयोग आहे तो अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो. तो नाम म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे शीर्षकात ‘सोल’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी हा प्रयोग स्पष्टीकरणासाठी द्यावा.

या शब्दाला दुसरा, व्यापक अर्थही आहे, आणि आपल्या खान्यांचा घोळ तिथे सुरू होतो. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९६९ मध्ये आपल्या ‘रिदम अँड ब्लूज’ तक्त्याचे नाव बदलून ‘सोल’ ठेवले आणि १९८२ पर्यंत ते चालले. त्या तेरा वर्षांत कृष्णवर्णीय अमेरिकन श्रोत्यांसाठी असलेले जवळजवळ सर्वच लोकप्रिय संगीत, त्यात फंक आणि डिस्कोही आले, बाजाराच्या भाषेत ‘सोल’ होते. त्यामुळे एक चाहता संकुचित अर्थाने आणि दुसरा व्यापक अर्थाने हा शब्द वापरत असेल, तर ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ कोणत्या खान्यात जातो यावर दोघेही आपापल्या जागी बरोबर राहतील आणि वाद संपणार नाही. लिहिताना आपण कोणता अर्थ घेतला आहे हे आधीच सांगून टाकावे.

लेखनाची एक अडचण मराठीपुरती आहे. चपलेचा ‘सोल’ आणि संगीतातील ‘सोल’ आपण एकसारखेच लिहितो. इंग्रजीत या उच्चारसाम्यावर बीटल्सनी १९६५ मध्ये ‘रबर सोल’ या अल्बमचे नाव बेतले, पण त्यांच्या स्पेलिंगमध्ये श्लेष दिसतो आणि आपल्या लिपीत तो दिसत नाही. म्हणून निदान आरंभी ‘सोल संगीत’ असे जोडनाम वापरणे सोयीचे ठरेल.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनात ‘फंक’विषयी काही भर घालतो, कारण या तिघांपैकी हा शब्द मला अर्थाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध वाटतो.

इंग्रजीत ‘फंक’चा जुना अर्थ उग्र वास, कोंदट धूर असा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यू ऑर्लीन्समध्ये बडी बोल्डन यांच्या वाद्यवृंदाशी जोडल्या गेलेल्या एका गाण्यात ‘फंकी’ हे विशेषण घामाने दाटलेल्या नृत्यगृहाच्या संदर्भात येते. कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी या शब्दाचा संबंध मध्य आफ्रिकेतील किकोंगो भाषेतल्या ‘शरीरगंध’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला आणि त्या समाजात कष्टाने, निष्ठेने काम केलेल्या माणसाची स्तुती करताना तो शब्द वापरतात असे मांडले. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, तरीही ‘फंकी’ ही शिवी न राहता प्रशंसा कशी झाली, याचे ती समाधानकारक उत्तर देते. भीती किंवा उदासी असा जो ‘फंक’चा इंग्रजी अर्थ शब्दकोशांत आढळतो, त्याचा या संगीताशी संबंध नाही. कोश उघडून भाषांतर करणाऱ्यांनी इथे सावध राहिले पाहिजे.

संगीताच्या दृष्टीने पाहिले तर जेम्स ब्राउन यांनी १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’ या गाण्यांतून जे घडवले त्याला फंक म्हणतात. तोवरच्या रिदम अँड ब्लूजमध्ये दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर असे. ब्राउन यांनी तो पहिल्या मात्रेवर आणला, आणि संगीतकार त्या मात्रेला नुसते ‘द वन’ म्हणू लागले. मराठी वाचकाला हे समजावताना ‘सम’ हा शब्द ओठांवर येतो आणि तो वापरायला हरकत नाही, पण एक भेद सांगितला पाहिजे. आपल्याकडे सम हे आवर्तनाचे गंतव्य असते. गायक विस्तार करत दूर जातो आणि श्रोता त्याच्या परतण्याची वाट पाहतो. फंकमध्ये चार मात्रांनी ‘वन’ पुन्हा येऊन ठेपतो, त्यामुळे तिथे वाट पाहायला अवकाशच नसतो. सगळी वाद्ये त्या एका बिंदूवर एकत्र पडतात आणि मधल्या तीन मात्रांत गिटार, बास, ड्रम्स व पितळी वाद्ये आपापले लहान तुकडे एकमेकांच्या फटींत बसवतात. ‘कोल्ड स्वेट’मध्ये स्वरमेळ जवळजवळ बदलतच नाहीत. सुरांची वाद्येही तालवाद्यांसारखी वापरली आहेत.

‘फंक’साठी ‘रांगडे संगीत’ असे सुचवले जाते. ‘रांगडा’ या शब्दातला मातीचा, घामाचा वास मला आवडतो, तरीही तो मी स्वीकारणार नाही. रांगडेपणात एक मोकळेपणा, बेफिकिरी गृहीत असते, आणि फंक हे कमालीचे शिस्तबद्ध संगीत आहे. चुकलेल्या सुराबद्दल किंवा हुकलेल्या जागेबद्दल जेम्स ब्राउन आपल्या वादकांना दंड करत असत. तेच वादक, विशेषतः बूट्सी कॉलिन्स आणि मेसिओ पार्कर, पुढे जॉर्ज क्लिंटन यांच्याकडे गेले, आणि क्लिंटन यांच्या ‘पार्लमेंट’ या वाद्यवृंदाचा ‘मदरशिप कनेक्शन’ (१९७५) वरवर कितीही उच्छृंखल वाटला तरी त्याच्या तळाशी तीच शिस्त आहे.

‘ग्रूव्ह’साठी मात्र आपल्याकडे चांगला शब्द आहे. मूळ अर्थ तबकडीवरची खाच. जॅझच्या मंडळींनी १९३० च्या दशकात तो उत्तम जमलेल्या वादनासाठी वापरला आणि पुढे तो सतत फिरणाऱ्या तालाच्या आकृतीचे नाव झाला. आपला ‘ठेका’ हा शब्दही तबल्याच्या आवर्ती बोलांपासून निघून ‘ठेका धरणे’ या सामान्य प्रयोगापर्यंत आलेला आहे. म्हणून ‘या अल्बमचा ठेका सोडवत नाही’ असे वाक्य मला पूर्णपणे मराठी वाटते आणि अर्थाला उणेपणाही येत नाही.

तिसरा प्रतिसाद

‘डिस्को’ तळाशी का जातो, या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळलेले नाही, आणि माझ्या मते या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

‘डिस्को’ हे फ्रेंच ‘डिस्कोतेक’चे लघुरूप आहे, आणि तो शब्द ‘ग्रंथालय’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या साच्यावर बनवलेला आहे. अर्थ सरळ आहे: तबकड्यांचा संग्रह, आणि त्यावरून जिथे वाद्यवृंदाऐवजी तबकड्या वाजतात ती नृत्याची जागा. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो यांनी १९७० च्या फेब्रुवारीत आपल्या राहत्या जागेत नृत्यसभा सुरू केल्या तेव्हा तिथे वाजणाऱ्या संगीताला स्वतंत्र नाव नव्हते. व्हिन्स अलेटी यांनी १९७३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये त्याविषयी लिहिले तेव्हा त्यांनाही शीर्षकात ‘डिस्कोतेक रॉक’ असे जोडनाम वापरावे लागले. आधी जागा होती, मग त्या जागेत जे वाजे त्याला जागेचे नाव मिळाले.

आता ‘अल्बम’ पाहा. लॅटिनमध्ये पांढरा या अर्थाच्या शब्दापासून तो आला. रोममध्ये जाहीर सूचना लिहिण्याच्या पांढऱ्या फळीला तसे म्हणत. पुढे तो कोऱ्या पानांच्या वहीला आणि छायाचित्रांच्या पुस्तकाला लागला, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत विकू लागल्यावर ग्रामोफोनच्या जगात आला. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आणली तेव्हा अनेक तबकड्यांची ती वही एका तबकडीत मावली, पण नाव तेच राहिले. म्हणजे अल्बम ही घरी बसून, बाजू संपल्यावर तबकडी उलटून ऐकण्याची वस्तू आहे. आयझॅक हेज यांनी ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये (१९६९) केवळ चार गाणी घेऊन, मार्व्हिन गे यांनी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधील गाणी एकमेकांत मिसळून, आणि कर्टिस मेफील्ड यांनी ‘सुपर फ्लाय’मध्ये (१९७२) चित्रपटाच्या कथेवर स्वतःचे भाष्य रचून सोलला या वस्तूशी जोडले.

डिस्कोचे एकक हे नव्हते. त्याचे खरे एकक बारा इंची सिंगल होते. एकच गाणे, रुंद खाचा, मोठा आवाज, आणि तबकड्या वाजवणाऱ्याला दुसऱ्या तबकडीत अलगद शिरता यावे म्हणून लांबवलेला मधला तालाचा भाग. ‘डबल एक्स्पोजर’चे ‘टेन परसेंट’ हे १९७६ मध्ये अशा स्वरूपात दुकानांत विक्रीला आलेले पहिले गाणे, आणि वॉल्टर गिबन्स यांनी ते मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक केले होते. अशा संगीताला अल्बमांच्या यादीत उभे करून ते मागे पडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याची श्रेष्ठता ज्या रूपात आहे ते रूप आपण मोजतच नाही.

चौथा प्रतिसाद

तिसऱ्या प्रतिसादातील युक्तिवाद बहुतांशी मान्य आहे, पण त्यातून ‘डिस्कोला अल्बम जमलाच नाही’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. ग्लोरिया गेनर यांच्या १९७५ च्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ची पहिली बाजू टॉम मोल्टन यांनी तीन गाणी जोडून अखंड केली, आणि तिथे नृत्यगृहातील सलगपणा अल्बमच्या रचनेतच उतरला. डॉना समर यांचा ‘बॅड गर्ल्स’ (१९७९) दोन तबकड्यांचा आहे आणि त्याची प्रत्येक बाजू वेगळ्या वृत्तीची आहे. ‘शीक’ या वाद्यवृंदाचे ‘से शीक’ (१९७८) आणि ‘रिस्के’ (१९७९) हे अल्बम मी कोणत्याही यादीत पहिल्या दहांत ठेवीन, कारण नाईल रॉजर्स यांची गिटार आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बास यांच्यातील संवाद फंकच्या कोणत्याही अल्बमच्या तोडीचा आहे. ‘डिस्को’ हे जागेचे नाव आहे याचा पुरावा ‘से शीक’मध्येच सापडतो. १९७७ च्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कमधील ‘स्टुडिओ ५४’ या नृत्यगृहाच्या दारावरून परत पाठवले गेल्यावर या दोघांनी संतापाने जे रचायला घेतले, त्याचेच पुढे ‘ल फ्रीक’ झाले.

डिस्को तळाशी जाण्याचे केवळ तांत्रिक कारण देणेही अपुरे आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोविरोधी कार्यक्रमात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, आणि हे संगीत प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो व समलिंगी श्रोत्यांनी वाढवलेले होते हे ध्यानात घेतले तर त्या रागाचे स्वरूप कळते. त्यानंतर अमेरिकेत ‘डिस्को’ हा शब्दच हिणकस ठरला आणि ‘डान्स म्युझिक’ असे सौम्य नाव पुढे आले.

आपल्याकडे या शब्दाचा प्रवास निराळा झाला, आणि मराठी लेखकाने तो विसरू नये. अमेरिकेत शब्द उतरणीला लागला त्याच सुमारास बिद्दू यांच्या संगीताने आणि नाझिया हसन यांच्या आवाजाने १९८० च्या ‘कुर्बानी’तून तो घरोघरी पोहोचला, आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. मराठीत ‘डिस्को’ म्हणजे आनंद, झगमगाट. ‘डिस्को दांडिया’ हा जोडशब्द नवरात्रात मुंबईत आजही कानी पडतो. म्हणून ‘डिस्को अल्बम’ असे वाचताच मराठी वाचकाच्या मनात जे उभे राहते त्यात तो अमेरिकन तिरस्कार नसतो, आणि क्रमवारी लावताना ही आपली जमेची बाजू आहे.

पाचवा प्रतिसाद

‘क्लासिक’विषयी. ‘शास्त्रीय’ मुळीच लिहू नये, कारण मराठीत संगीताच्या संदर्भात त्याला ठरलेला अर्थ आहे. ‘अभिजात’ अर्थाने बरोबर आहे, परंतु तो काळाच्या कसोटीवर टिकलेल्या कृतीबद्दल बोलतो, आणि क्रमवारी ही बहुधा वर्तमानाबद्दल बोलत असते. ‘रोलिंग स्टोन’च्या ५०० अल्बमांच्या यादीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ २००३ मध्ये सहावा होता आणि २०२० मध्ये पहिला आला. मधल्या काळात तबकडीवरचा एकही सूर बदलला नव्हता, मत देणारे बदलले होते. म्हणून यादीच्या शीर्षकात ‘अभिजात’ आणि क्रमांकांच्या ओळीत ‘आमच्या पसंतीनुसार’ असे लिहावे. लिंगाविषयी विचारणा झालेली नाही, तरी नोंदवतो: ‘संगीत’ अध्याहृत असल्याने ते सोल, ते फंक आणि ते डिस्को, अल्बम मात्र पुल्लिंगी आणि तबकडी स्त्रीलिंगी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. अरीथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२) लॉस एंजेलिसमधील एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि त्यातील बहुतेक गीते गॉस्पेलची आहेत. तो सोलच्या यादीत घ्यावा का?

पहिल्या प्रतिसादाचे लेखक

बाजाराच्या वर्गवारीनुसार तो गॉस्पेलचा अल्बम आहे. सोल हे गाण्याच्या पद्धतीचे नाव मानले, तर तो यादीत आलाच पाहिजे, कारण ती पद्धत जिथून आली तिथेच जाऊन त्यांनी ती गायली आहे, आणि मार्व्हिन गे यांचे ‘होली होली’ही त्यात घेतले आहे. मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’च्या आधी.