ॲबॉरिजिनल कवितेकडून आपण दुःखच का मागतो?

यारातीर (मेलबर्न)

इथल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी ऑस्ट्रेलियातल्या आजच्या ॲबॉरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, कवींवर लेख दिला होता. दोन दिवसांनी संपादकांचा फोन आला. लेख आवडला म्हणाले, "फक्त जरा कोरडा वाटतोय. ती सरकारने आईबापांपासून पळवून नेलेली मुलं वगैरे थोडं वर घ्या. आणि सोबत ते ठिपक्याठिपक्यांचं चित्र टाकतो, पान भरून जाईल."

बरं म्हणून फोन ठेवला आणि मग चडफडत बसलो. कॅनव्हासवरची ती ठिपक्यांची चित्रकला १९७१ च्या सुमारास मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, पापुन्या नावाच्या वस्तीतून पुढे आली. माझ्या लेखातली एव्हलिन अरालुएन वाढली सिडनीच्या पश्चिमेला. म्हणजे विदर्भातल्या आदिवासी कवी भुजंग मेश्रामांच्या कवितेशेजारी वारली चित्र छापायचं. दोन्ही आदिवासीच ना, मग झालं तर!

गंमत म्हणजे लेख नेमका याच सवयीवर होता. अरालुएनचा 'ड्रॉपबेअर' हा संग्रह २०२१ चा. २०२२ साली त्याला स्टेला हा इथला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. कवितासंग्रहांना त्या पुरस्काराचं दार उघडलं तेच त्या वर्षी. ड्रॉपबेअर म्हणजे झाडावरून माणसाच्या डोक्यावर झडप घालणारा मांसाहारी कोआला. असा प्राणी नाही. नवख्यांना घाबरवायची इथली जुनी थाप आहे ही. मी ऑफिसात नवा असताना मलाही सांगितलं होतं, कानामागे व्हेजिमाइट (ब्रेडला लावायचा इथला काळा, खारट लेप) चोपडलं की तो जवळ येत नाही. मी चोपडलं नाही, पण टीमच्या पिकनिकला दिवसभर एकाही झाडाखाली बसलो नाही, हेही खरं.

अरालुएन ही थाप उचलते आणि गोऱ्यांवरच उलटवते. ब्लिंकी बिल कोआला, मे गिब्जची गमनट बाळं, बालवाङ्मयातलं ते सगळं गोडगोड रान. त्या रानात प्राणी बोलतात, झाडांना चेहरे असतात, फक्त तिथली माणसं कुठे दिसत नाहीत. ती चिडते, पण खदखदून हसतेही. संपादकांना हे हसणं 'कोरडं' वाटलं.

आपल्यालाही यांची कविता रडकीच हवी असते का? मोकळेपणाने लिहा.

खडूस_मास्तर

मोकळेपणाने म्हणालात म्हणून लिहितो. मला वेगळीच शंका आहे. ही कविता कविता म्हणून उभी राहते का, हे कुणी विचारतच नाही. ऊजरू नूनुक्कल यांचा 'वी आर गोइंग' १९६४ चा, ॲबॉरिजिनल कवीचा पहिला छापील कवितासंग्रह. इतिहासात जागा पक्की, वाद नाही. पण वाचून बघा, निम्म्या कविता मोर्चात म्हणायच्या. त्या स्वतःही आपल्या शैलीला घोषणाबाज म्हणायच्या. दुसरं टोक लायनेल फोगार्टी. इंग्रजीची अशी मोडतोड की चार ओळींनंतर माझ्यासारखा हात टेकतो. आणि ब्लिंकी बिल ठाऊक नसेल तर अरालुएनमधला विनोद कळणार कसा? एक घोषणा, एक कोडं, एक तळटीप. पुरस्कार समित्यांना अपराधगंड आहे, म्हणून चाललंय.

फाटकी_वही

मास्तर, 'प्रचारकी' हा शब्द मराठीत कुणाकुणाला चिकटवला गेला ते तुम्हाला मी सांगायला नको. नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही त्यातल्या किती शब्दांचे अर्थ विचारावे लागले होते. न कळणं हा नेहमी कवीचाच दोष नसतो.

ऊजरूंबद्दल अर्धीच गोष्ट सांगितलीत. पुस्तक आलं तेव्हा काही जणांनी 'हा प्रचार आहे' म्हटलं, आणि काहींनी 'ॲबॉरिजिनल बाईने हे स्वतः लिहिलं असेल का' अशीही शंका काढली. म्हणजे साधं लिहिलं तर घोषणा, चांगलं लिहिलं तर दुसऱ्याने लिहून दिलेलं. शीर्षककवितेत उरलेसुरले लोक गावात येतात आणि पाहतात तर जुन्या बोरा रिंगणाच्या, म्हणजे त्यांच्या विधींच्या जागी, कचरा टाकलाय. गोऱ्या वाचकाने यातून सोयीचा अर्थ काढला: चला, ही जमात आता संपली, हळहळायला मोकळे. पण लिहिणारी बाई संपायला बसलेली नव्हती. ॲबॉरिजिनल लोकांना जनगणनेत धरावं आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करता यावेत, यासाठीच्या १९६७ च्या सार्वमतासाठी ती देशभर प्रचार करत फिरली आणि ९० टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. १९८८ मध्ये गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी व्हायची होती, तर १९८७ मध्येच तिने ब्रिटिश राजसत्तेचा एमबीई किताब परत केला आणि कॅथ वॉकर हे आपलं आधीचं नाव टाकून दिलं.

आणि कारागिरीच बघायची असेल तर ॲलिसन व्हिटेकर वाचा, 'ब्लॅकवर्क', २०१८. ती वकीलही आहे. २०१४ साली न भरलेल्या दंडापायी पकडलेली दू आडनावाची २२ वर्षांची मुलगी पश्चिम ऑस्ट्रेलियात पोलीस कोठडीत असताना मेली. त्या मृत्यूच्या चौकशीच्या कागदांत पुन्हापुन्हा येणारे शब्दसमूह घेऊन व्हिटेकरने कविता बांधलीय. शब्द सगळे सरकारी, कात्री फक्त तिची. यात घोषणा कुठे आहे ते दाखवा.

पक्या_परामाटा

मी इकडे २२ वर्षं आहे. तुमचं साहित्य चालू दे, मी जमिनीवरचं सांगतो. संसदेपुढे मूळ रहिवाशांचं म्हणणं मांडणारी संस्था राज्यघटनेत आणावी का, या ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ६० टक्के लोक 'नाही' म्हणाले. कविता वाचणारे वेगळे, मत देणारे वेगळे. शाळेच्या पालकसभेत सुरुवातीला 'या भूमीच्या मूळ रक्षकांना वंदन' अर्ध्या मिनिटात उरकतात आणि लगेच पार्किंगवर भांडण सुरू. त्यातलाच प्रकार हा.

दुसरं म्हणजे ओळखीची चलती असली की खोटी नाणीही येतातच. वांडा कूलमॅट्री नावाच्या ॲबॉरिजिनल बाईचं आत्मचरित्र १९९४ मध्ये आलं, बक्षीसही मिळालं. १९९७ मध्ये कळलं की लेखक लिऑन कार्मेन नावाचा गोरा पुरुष. आता बोला.

यारातीर

बोलतो. कार्मेनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. लोकांना ॲबॉरिजिनल बाई कशी वाचायला आवडते हे त्याने बरोबर ओळखलं. चित्र आधीच तयार होतं, त्याने फक्त खाली सही केली.

चित्र किती घट्ट असतं त्याचं दुसरं उदाहरण. एली कॉबी एकरमन या ॲबॉरिजिनल कवयित्रीला २०१७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा विंडहॅम-कॅम्पबेल पुरस्कार मिळाला, १,६५,००० डॉलर. तेव्हा ती बेकार होती आणि कॅरव्हॅनमध्ये राहत होती, खरं आहे. पण तोवर तिची कितीतरी पुस्तकं आली होती, आणि बातम्यांत कवितेच्या आधी कॅरव्हॅन. (माझ्या संपादकांना हीच बातमी आवडली असती.)

आणि मास्तर, दुःख-घोषणा सोडून कुणी लिहिलं तर काय होतं तेही बघा. एलन व्हॅन नीर्व्हन यांची 'मँगो' नावाची छोटीशी कविता आहे. लहानपण, आंबा, बस्स. आपल्याला तर समजावून सांगायलाच नको. २०१७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ती आली आणि शोधाचा आनंद कवितेत कसा उतरलाय असा प्रश्न होता. पेपर सुटल्यावर पोरांनी कवीला सोशल मीडियावर गाठून शिव्या दिल्या, वर्णद्वेषी चित्रंही पाठवली. कवितेत मागण्या नव्हत्या, आंबा होता.

पक्या_परामाटा

बारावीची पोरं ती. पेपरात बालकवी आले असते आणि ट्विटरवर असते, तर त्यांनाही शिव्या पडल्याच असत्या.

फाटकी_वही

पडल्या असत्या. पण बालकवींच्या रंगापासून सुरुवात झाली नसती.

खडूस_मास्तर

आंब्याचा किस्सा माहीत नव्हता. व्हिटेकर मागवतो. फोगार्टीबद्दलचं मत तूर्त तेच.

पण एक मुद्दा सोडत नाही. कवीने आयुष्यभर 'माझं जे चित्र तुम्ही काढलंत ते मी नव्हे' हेच लिहायचं का? तेही एक बंधनच की. नकार देत बसला तरी चौकट समोरच्याचीच राहते.

चांदागड

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी गोंड आहे, चंद्रपूर जिल्ह्यातला.

मास्तरांचा हा शेवटचा प्रश्न खरा आहे. आमच्यातल्या लिहिणाऱ्यांनाही तो पडतो. कवी संमेलनात बोलावतात तेव्हा आयोजक हळूच विचारतात, "पारंपरिक वेशात येणार ना?" मी शर्ट-पँटमध्ये गेलो की फोटोत मागच्या रांगेत. भिल्ल कवी वाहरू सोनवणेंची 'स्टेज' कविता इथे बहुतेकांनी वाचली असेल, म्हणून एवढंच: स्टेजवर बसलेले आमचंच दुःख आम्हाला सांगत राहतात.

पण 'दोन्ही आदिवासीच' या चिमट्यावर मला थांबावं लागलं. इंग्रजांच्या आधी तिथे अडीचशेच्या आसपास भाषा होत्या. अरालुएन, एकरमन, व्हॅन नीर्व्हन यांचे मुलूख वेगळे, भाषा वेगळ्या. आणि तुम्हीही सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरलाय, शीर्षकातच. संपादकांनी ठिपके टाकले, तुम्ही लेबल टाकलंत.

यारातीर

लागलं. पण बरोबर आहे. लेखात प्रत्येकीच्या नावापुढे तिचा समाज लिहिला होता, एकरमनपुढे यांकुनिचाचारा, व्हिटेकरपुढे गोमेरॉय. शब्दमर्यादेत तेच आधी कापले गेले आणि मी काही बोललो नाही.

तुम्ही आलाच आहात तर एक अडलंय. हे कवी 'कंट्री' हा शब्द वापरतात. जमीन, पाणी, पूर्वज, प्राणी सगळं त्यात येतं, आणि माणूस तिचा असतो, ती माणसाची नसते. मी 'देश' लिहिलं होतं, चुकीचं वाटतंय. 'शिवार' कसं वाटतं?

चांदागड

शिवार नको. शिवार म्हटलं की सातबारा आला, तलाठी आला.

फाटकी_वही

मुलूख?

चांदागड

मुलूख जवळचा आहे, पण त्यात राजा असतो. थांबा, आजीला विचारून सांगतो. तिच्या गोंडीत काहीतरी असेल.