नवा रेडिएटर गळतोय, कंपनी म्हणते 'पाणी खराब'. काय करावं?

धायरीकर: मंडळी, सल्ला हवाय. जुन्या हॅचबॅकला नाना पेठेतून नवा रेडिएटर घेतला. पक्कं बिल, एक वर्षाची वॉरंटी. ओळखीच्या गॅरेजात बसवला आणि थोड्याच दिवसांत पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवे थेंब. दुकानदाराने फोटो पाठवले तर कंपनीचं उत्तर आलं: 'बोअरचं क्षाराचं पाणी घातल्याने आतून गंजला, वॉरंटी लागू नाही.' मी पाण्याचा थेंबही घातलेला नाही, तयार कूलंट ओतलाय, त्याचंही बिल आहे. वस्तू हातात न घेता हे ठरवलं कसं? फार चीड आली आहे.

जुनागॅरेजवाला: गळती नेमकी कुठून आहे, जाळीतून की टाकीच्या कडेने? सगळं त्यावर आहे.

धायरीकर: वरची काळी प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या दुमडलेल्या पत्र्यात बसते, तिथे. एका कोपऱ्यात कूलंट सुकून हिरवट पापुद्रा धरलाय. जाळी कोरडी आहे.

जुनागॅरेजवाला: मग गंजाची गोष्ट पटत नाही. खराब पाण्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांना आतून बारीक भोकं पडतात, त्याला वेळ लागतो, शिवाय आत पांढरट थर दिसतो. तुमची गळती दुमडीखालच्या रबरी सीलची किंवा पत्रा नीट न दाबल्याची दिसते. ते काम कारखान्यात होतं. फक्त कंपनी उद्या दुसरं कारण काढेल: जास्त दाबाने टाकी उचलली, किंवा बसवताना धक्का लागला. म्हणून रेडिएटरची दाब राखणारी टोपी तपासा. हेड गॅस्केट (इंजिनच्या सिलिंडरवरचं सील) फुटून सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये येत नाही ना, तेही बघून घ्या. मग हातपंपाने, टोपीवर छापलेल्या दाबाइतकाच दाब देऊन टेस्ट करा आणि व्हिडिओ काढा. थेंब फुटताना आणि मीटरचा काटा एकाच फ्रेममध्ये हवा. गॅरेजकडून लेखी घ्या, तारीख-शिक्क्यासह.

आणि कृपा करून एम-सील लावू नका! एकदा हात लावला की तुमची बाजू गेली.

कोथरूडची_ताई: माझ्या मिक्सरच्या वेळी असंच झालं होतं, म्हणून सांगते. फोनवर बोलणं बंद करा. ईमेलने विचारा की कोणत्या तपासणीवरून गंज ठरवला, अहवाल द्या. वस्तू मागितली तर बॅच नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून, पोच घेऊनच द्या. दुकानदारालाही त्याच पत्रात धरा, विक्री त्याने केली आहे.

दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे पुण्यातच जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून हा गळका रेडिएटर भंगारात घालू नका.

सिंहगडरोडवाला: टेस्टचा खर्च आणि पुन्हा बसवायची मजुरीही मागा. लोक नुसता बदली माल घेऊन गप्प बसतात.

धायरीकर: सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळी टेस्ट करून घेतो. तोवर गाडी हलवत नाही. ताई, दुकानदार म्हणतोय 'माझा काय संबंध', तरी त्याचं नाव घालायचंच ना?

कोथरूडची_ताई: घालायचंच. बिल त्याचंच आहे.